बिजल्या, सांग तुया मालकाले

मनकर्णाबाई नवऱ्याशी बोलत नव्हती. बैलाशी बोलत होती.

बेलबांधातल्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक होतं. दिवेलागणीला ती कोंडा घातलेल्या पेजेचं घमेलं घेऊन गोठ्यात शिरायची, बिजल्याच्या पुढ्यात टेकवायची आणि पडवीत तंबाखू मळत बसलेल्या उमरावला ऐकू जाईल अशा बेतानं सुरू व्हायची. बिजल्या, सांग तुया मालकाले, भात झाकून ठेवला हाय. बिजल्या, सांग तुया मालकाले, खालच्या बांधीतलं पानी फुटलं. बिजल्या, इचार तुया मालकाले, दाढी काऊन वाढवली, जोगी व्हाचं हाय का. बिजल्या कान हलवत पेज ओढायचा. उमराव उठून भात खायचा, पाणी अडवून यायचा, दुसऱ्या दिवशी न्हाव्यापुढे बसायचा. उत्तर मात्र त्यानं कधी दिलं नाही. द्यायचं तरी कोणाला? बैलाला उत्तर देणाऱ्या माणसाला गाव हसतं, आणि उमरावला गावाच्या हसण्याची फार धास्ती.

हे सुरू झालं मागल्या माघात, गंगाच्या लग्नापासून. एकुलती एक पोर. वरातीची बंडी जुंपून तयार, पोरगी दारात पदर मुठीत धरून उभी, आणि बाप जागेवर नाही. बाप शेजारच्या गावच्या शंकरपटात गेलेला. झाडीपट्टीत पट म्हणजे पट. धान घरात आलं की बैलांच्या जोड्या आखल्या वाटेवरून वाऱ्यासारख्या सुटतात आणि शहाण्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. दुपारी येतो म्हणून उमराव बिजल्याला दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावायला घेऊन गेला. दुपार टळली. बंडी वेशीबाहेर गेली, तिची धूळ बसली, मनकर्णाबाईनं डोळे पुसून चूल पेटवली, तेव्हा हा आला. बिजल्याच्या शिंगांना बक्षिसाचा शेला. तिनं शेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बाकी जगाशी ती बोलायची, हसायची, विहिरीवर कडाकडा भांडायची. पण घर चालवायचं तर घरधन्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात, म्हणून मधे बैल घेतला.

आता पौष सरत आला होता आणि गंगाला आठवा. पहिलटकरणीला माहेरी आणायचं तर आई-बापांनी दोघांनी जायचं, हा रिवाज. त्या काळी गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, मोठ्या सडकेवरून कधी एखादी मोटार गेली तर पोरं ऊर फुटेस्तोवर मागे धावत. आणि गंगाचं सासर तर त्या सडकेपासूनही लांब, डोंगरावर, कोसमटोलीला. वर जायला एकच वाट, कोसमघाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे एका बंडीपुरता रस्ता.

जाताना उमरावनं मोऱ्या आणि भुऱ्या ही घरची जोडी जुंपली. बिजल्याला नुसता मागे बांधला, जावयाच्या गावात मिरवायला. घाटात भुऱ्याच्या खुरात बांबूचा खुंट घुसला. कसाबसा तो वर पोचला आणि देवचंदच्या, म्हणजे गंगाच्या सासऱ्याच्या, गोठ्यात बसला तो उठेचना. देवचंदचे स्वतःचे बैल मीठ आणायला सडकेकडे गेलेले. दुसऱ्या दिवशी अमावस्या, त्या दिवशी पोटुशी बाई घराबाहेर काढत नाहीत. मग राहिलं काय? बिजल्याला जुंपायचं.

देवचंदनं विचारलंच, पटाचा बैल बंडीला चालेल का. उमराव म्हणाला, लेकरावानी चालते. ते खरं होतं, पण दोन गोष्टी तो बोलला नाही. एक, बिजल्या डाव्या अंगाचा बैल. उजवीकडे जुंपला तर पाऊल उचलत नसे. दुसरी त्याला त्या घडीला आठवलीच नाही.

अंगणात कोवळं ऊन होतं. पण अंगणाच्या कडेवरून खाली पाहिलं तर खोरं नव्हतं. पांढरं, सपाट, दूध उतू येऊन थबकावं तसं काहीतरी भरलेलं. झाडीपट्टीत धुक्याला धुई म्हणतात.  मनकर्णाबाई गंगाच्या कानाशी लागली, "गंगे, सांग तुया बापाले, धुई उठू दे, मंग निंगू." गंगा सासऱ्यासमोर डोईवरचा पदर ओढून उभी, तिच्या तोंडून शब्द कसला फुटतोय. बिजल्या तर समोरच होता, त्याला सांगता आलं असतं. पण विहीण बाजूला उभी. नवऱ्यासाठीचा निरोप बैलाकडे देणारी बाई, हे सोंग घरच्या घरी ठीक. मनकर्णाबाईनं ओठ आवळले आणि बंडीत तणसावर गोधडी पसरली. उतारावर बंडी आवरायला उमरावनं मागे साजाच्या लाकडाचा ओंडका दोरानं बांधला, आणि निघाले.

पहिला उतार उन्हात गेला. मग मोऱ्याची शिंगं पुसली गेली. मग दोन्ही बैल. मग धुरेवर बसलेल्या उमरावची पाठ, आधी करडी, मग नुसता डाग, मग तोही नाही. हात लांब केला तर आपलीच बोटं परक्याची वाटावीत अशी धुई. पापण्यांवर पाणी जमलं. चाकांचा आवाज दबला आणि भलत्याच बाजूनं यायला लागला. मागे ओंडका दगडांवर घसटत येत होता, तो कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखा. गंगाचं डोकं मांडीवर घेऊन मनकर्णाबाई बसली होती. उजवीकडून गार वारा वर चढत होता. जमिनीवरचा वारा असा चढत नाही. ती दरीची हवा होती.

"माय, वाट दिसते का बाबाले?" गंगानं विचारलं.

"बैलाले दिसते," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

पहिलं वळण आलं. कोसमघाटात वळणाच्या आधी धुरकऱ्यानं, म्हणजे बंडी हाकणाऱ्यानं, लांब हाळी द्यायची, म्हणजे खालून येणारा बंडी थांबवतो. नाहीतर अर्ध्या वळणात शिंगाला शिंग भिडतं आणि मागे सरकायला जागा नसते. आज्यापणज्यापासूनची ही रीत. मिसरूड फुटल्यापासून उमराव या घाटात ती हाळी देत आला होता, तसा आताही त्यानं ऊर भरून घेतला आणि दिली.

"होऽऽऽ."

मानेवर जू असलं की बिजल्या पटात सुटायचा तो याच हाळीवर. वासरू असल्यापासून त्याला हेच शिकवलेलं. हाच आवाज, हाच गळा.

बंडी एकदम पुढे उपटली गेली. मनकर्णाबाई मागच्या फळीवर आपटली, गंगाला तिनं दोन्ही हातांनी पोटाशी ओढलं. डावा बैल धावला, उजवा मागे राहिला, त्यामुळे बंडीचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. दरीकडे. कासरा ताणल्याचा आवाज, मोऱ्याचा हंबर, खडी उडतेय, सगळं पांढऱ्यात, काही म्हणजे काही दिसत नाही. मग मागून जबरदस्त हिसका बसला आणि सगळं थांबलं. ओंडका कुठल्यातरी दोन दगडांत अडकला होता.

कोणी हललं नाही. गंगा दातांवर दात दाबून श्वास घेत होती. मनकर्णाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. क्षणभर काहीच नाही. मग आतून एक ढुशी बसली, रागावल्यासारखी. 

खाली उतरून पाहावं म्हणून तिनं उजव्या बाजूनं पाय सोडला. पाय खाली गेला, आणखी गेला. जमीन नव्हतीच. पायाखाली फक्त तो वर चढणारा गार वारा. तिनं पाय वर घेतला.

डाव्या अंगानं उतरून ती चाचपडत पुढे गेली. उमराव बिजल्याची वेसण धरून उभा होता. तोंडात पाणी नसल्यासारखा तो कुजबुजत बोलला, तेही बिजल्याच्या कानाकडे तोंड करून. बंडी माघारी फिरवता येत नाही. सोडता येत नाही, उतारावर जू काढलं की बंडी आपोआप जाईल. हाळी देता येत नाही. आणि खालून कोणी हाळी दिली तर ओंडकाही आता धरणार नाही, दोर अर्धा तुटलाय. गंगाला उतरवून चालवावं तर तिचे पाय सुजून खांब झालेले, गेले आठ दिवस ती घरातल्या घरातसुद्धा भिंत धरून चालत होती. पुढं दुसऱ्या वळणाच्या पलीकडे घाटदेवाचा ओटा आहे. तिथं रस्ता फुगलाय, दोन बंड्या मावतात. तिथवर पोचलं की चाकाला दगड लावून धुई उठेपर्यंत बसायचं. तिथवर पोचायचं.

"मी वेसण सोडली तं हा जाते," तो म्हणाला. "मले वाट दिसत नाई. कोनी तरी समोर चालून बोलत राहाले पायजे. त्या आवाजावर मी येतो."

कोनी तरी. घाटात दुसरं होतं कोण?

 मनकर्णाबाई मागे वळून बंडीकडे म्हणाली, "गंगे, इचार, काय बोलू."

गंगाला विचारायची गरज पडली नाही. उमरावच म्हणाला, "गोठ्यात बोलते तसं. आवाज चढवू नोको. त्याले तोच आवाज माहीत हाय."

तिनं उमरावची काठी घेतली, पदर कमरेला खोचला आणि पांढऱ्यात शिरली. चार पावलांवर वळून पाहिलं तर नवरा नाही, बैल नाही, पोर नाही. फक्त बिजल्याच्या नाकातला फुरफुर आवाज.  इतके दिवस रोज संध्याकाळी जे आपोआप सुरू व्हायचं ते आज सुरूच होईना. दरीकडे कुठंतरी एक फांदी कडकन मोडली. या रानात मोठं जनावर होतं, आणि त्याचं नाव घाटात घ्यायचं नसतं, हे तिला सगळं एकदम आठवलं.

"बिजल्या," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "बिजल्या, सांग तुया मालकाले, इथं खडी हाय. खडीवरून या म्हनावं."

मागे जू कुरकुरलं. उमराव मोऱ्याला हळू पुढे काढत होता, म्हणजे तोंड डोंगराकडे फिरेल. ओंडका दगडांतून सुटल्याचा खरखराट झाला, चाक दगडावरून खाली बसल्याचा धप्प आवाज आला. मग एक सुटा दगड गडगडत गेला. खाली पडल्याचा आवाज ऐकायला ती थांबली. तो आलाच नाही.

"बिजल्या, सांग तुया मालकाले, डोंगर माया डाव्या हाताले हाय. ओला हाय. शेवार लागून राहिलं हाताले. बिजल्या, सांग, पायाखाली माती हाय आता, भुसभुशीत. हळू म्हनावं."

आवाज पुढे सोडायचा, पाय मागून न्यायचा, असं चाललं. लहानपणापासून तिनं तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, धुईत पाणी आणलेलं. पाळीवर एक कळतं, मधल्या पायवाटेची माती दडपलेली असते आणि कडेची सुटी. तळपायांनी ती तेच शोधत होती. पण पाळीवरून पाय घसरला तर माणूस पाण्यात पडतं. इथं कशात पडतं ते तिनं मनात येऊ दिलं नाही.

बोलायचं संपत आलं. किती वेळा खडी आणि माती सांगणार? मग ती तोंडाला येईल ते बोलायला लागली. बिजल्या, सांग, कोठीतले उंदीर माजले. सांग, पाटलीनबाई उसनं नेलेलं जातं अजून देऊन राहिली नाई. सांग, तुया मालकाच्या बंडीले काल दुसऱ्यानं कोनी दृष्ट लावली नाई, त्यानं सोताच लावली. मागून येणारी फुरफुर आता संथ झाली होती. चाकं तिच्या शब्दांमागून येत होती, ती थांबली की थांबत होती.

आणि मग तिच्या काठीचं टोक उजवीकडे भसकन आत गेलं. रस्त्याची कड खचलेली. मागे चाक तर त्याच रेषेत येत होतं, तिला आवाजावरून कळलं. बिजल्याला सांगून, बिजल्यानं मालकाला सांगून, इतका वेळ नव्हता.

"डावीकडं घ्या जी. चाक सुटते."

मागे सगळं थबकलं. दोन्ही चाकं, ओंडका, फुरफुर. मग जू कुरकुरलं, चाक कातळाला घासून किरकिरलं.

"घेतलो," उमराव म्हणाला.

गंगा बंडीत होती, तिनंही ऐकलं. एवढ्या भीतीतही तिला वाटलं, आता हसावं की रडावं.

कडेची ती जागा मागे पडली.  मनकर्णाबाईचं तोंड एकदा उघडलं होतं, ते बंद होईना. आवाज गोठ्यातला, चढू न देता. ती बोलत चालली आणि आता मधे बैल नव्हता. पोरगी दारात उभी होती, म्हणाली. सगळे म्हनत होते निघा, निघा, वेळ चुकते, आणि ती रस्त्याकडं पाहत होती. कोनासाठी पाहत होती? तुमाले बैल पयला आनाचा होता. आनला. शेला भेटला. तो शेला मी चुलीत घालनार होतो, मंग वाटलं, नोको, ज्याचा हाय त्यालेच पांघरू दे. खडी हाय इथं, जपून. मी एकटीनं तिची ओटी भरली, एकटीनं तिले बंडीत चढवली. डावीकडं, डावीकडं. बाप मेलेली पोर सुद्धा अशी जात नाई.

मागून गंगाचा आवाज आला, बारीक. "माय, बाबा पाळीवर होते."

"कोठी?"

"तलावाच्या पाळीवर. बिजल्याले धरून. माई बंडी खालून गेली तवा. मी पायलं."

बेलबांधाची ती पाळ उमरावच्या आज्यानं बांधलेली. तिच्याखालूनच वरातीची वाट. मनकर्णाबाई आंधळ्यासारखी हात पुढे धरून उभी राहिली. पोरीनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

 मग उमराव बोलला, बैलाच्या कानाकडे तोंड करूनच असावं, कारण आवाज घुसमटलेला होता. "पाय खाली उतरले नाई."

तिनं काहीतरी म्हटलं असतं. काय, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. कारण तेवढ्यात खालून, वळणाच्या पलीकडून, चाकांचा आवाज आला. जड, भरलेल्या बंडीचा. चढावर येत होती. आणि वळण आता जवळ आलं होतं, म्हणजे तो धुरकरी कोणत्याही क्षणी रीतीप्रमाणे ऊर भरून घेणार होता.

ओरडून थांबवावं तर आपलंच ओरडणं बिजल्याला लागेल. मनकर्णाबाईनं काठी टाकली, डावा हात कातळावर ठेवला आणि धावली. कातळ हाताला सोलत होता. पाय ओल्या दगडावरून सटकला, गुडघा फुटला, ती उठली. कातळ संपला, म्हणजे वळण. त्यापुढं हाताला काहीच नाही. पुढे दोन वाफाळणाऱ्या नाकपुड्या आणि त्यांच्यामागे घोंगडं घेतलेला माणूस, मान मागे टाकून, तोंड उघडतच होता.

त्यानं पाहिलं ते असं. धुईतून केस सुटलेली बाई, हाताला रक्त, गुडघ्याला रक्त, आवाज न करता अंगावर येतेय. हाळी विसरला बिचारा. पण किंकाळी फोडायला त्याचं तोंड आणखी मोठं उघडलं. मनकर्णाबाईनं धुरेवर पाय दिला आणि तळहात त्याच्या तोंडावर घट्ट दाबला. परक्या पुरुषाच्या. दाढीचे खुंट तिच्या हाताला टोचले.

बोटांमधून तो पुटपुटला, "बाई हायस का कोन हायस?"

"बाई हाव. हाळी देऊ नोको गा. वरती पोटुशी पोर हाय. पटाचा बैल हाय जुंपलेला, हाळीवर धावते."

त्याचे डोळे आणखी मोठे झाले. "पटाचा बैल? घाटात? कोन येडा हाय तो?"

"माया नवरा."

माणसाचं नाव मंगरू, अर्जुनीच्या बाजारातून मीठ घेऊन वर निघालेला. समजूतदार होता. त्यानं एवढंच सांगितलं की आपल्या मागे आणखी बंड्या आहेत, त्यांना गप्प करायला जावं लागेल. ओटा इथंच, दहा हातांवर. त्यानं बैल मागे रेटून बंडी ओट्याला लावली, चाकाला दगड दिला आणि घोंगडं सावरत खाली धावला.

मनकर्णाबाई वळणावर उभी राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं की वर काहीच वाजत नाही. चाक नाही, ओंडका नाही. ती धावत सुटली तेव्हा तिचं बोलणं मध्येच तुटलं होतं. वर त्या दोघांना काय ऐकू आलं असेल? काठी पडली. दगड सटकले. मग काहीच नाही.

आता उमराव काय करणार? बायको दरीत गेली असं वाटल्यावर माणूस काय करतो? हाक मारतो. छातीतून, लांब. तिला त्याचा तो गळा ठाऊक होता. तिनं कान बंद केले, मग उघडले. तिलाही ओरडता येत नव्हतं. साध्या आवाजात बोलावं तर कातळाचा तो कोपरा मधे. तिनं पाऊल उचललं, आणि थांबली, कारण वरून आवाज आला.

हाक नव्हती. बोलणं होतं. हळू, सपाट, गोठ्यातलं. पण शब्द तुटत होते, जणू एकेक शब्द कोणी दातांतून उपटून काढतंय.

"बिजल्या," उमराव म्हणत होता. "बिजल्या, इचार तिले. हाय का ती."

गाव हसेल म्हणून वर्षभर ज्यानं बैलाला उत्तर दिलं नाही, तो बैलाला विचारत होता. थोडं थांबला. पुन्हा म्हणाला, आवाज आणखी खाली गेलेला.

"बिजल्या, इचार ना."

मनकर्णाबाई कातळ धरून वळणाच्या अलीकडे आली. तिला दिसत काहीच नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "हाव जी. इथंच हाव. डोंगराले धरून या."

वर कोणीतरी नाक ओढलं, तो बैल होता की माणूस, कळलं नाही. चाकं हलली. ती उलट्या पावलांनी मागे सरकत बोलत राहिली आणि तिच्या बोलण्यामागून आधी मोऱ्याची शिंगं आली, मग बिजल्याचं ओलं नाक, मग त्या नाकाशी दोन्ही हातांनी लटकलेला उमराव. त्याचा चेहरा धुईसारखाच पांढरा. त्यानं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, सोललेल्या हाताकडे पाहिलं.  ओट्याशी बंडी लागली. चारही बाजूंनी दगड. मगच त्यानं वेसण सोडली, आणि बोटं सरळ होईनात म्हणून ती तो दुसऱ्या हातानं उघडू लागला.

मंगरू परत आला, मागचे धुरकरी मुके होऊन चालत आले. कोणीतरी शेकोटी केली. मंगरू हात शेकत सगळ्यांना सांगत होता की मी समजलो, गेलो आता, हेडंबा राक्षसीन आली. पण हात गरम लागला म्हणून वाचलो. गंगा एकटीच हसली. मग पोट धरून रडली. मग पुन्हा हसली. मनकर्णाबाईनं तिचे पाय मांडीवर घेतले आणि शेकोटीच्या उबेनं चोळत बसली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा धुई फाटली. वरचा रस्ता दिसला. कडेनं चाकाची एक खोल रेघ गेली होती, एका ठिकाणी रेघ रस्त्याबाहेर जाऊन पुन्हा आत आली होती. मधल्या तेवढ्या जागेत खाली काही नव्हतं, फक्त बांबूच्या बेटांचे शेंडे, फार खाली. उमराव ते पाहत राहिला. मंगरूनं आपला एक म्हातारा बैल सोडून उमरावच्या बंडीला दिला, स्वतःला मागच्या बंडीचा मोकळा बैल घेतला, उद्या-परवा नेतो म्हणाला, आणि बिजल्याला पुन्हा मागे बांधला. कोणी मागितलं नव्हतं.

संध्याकाळी बेलबांधात पोचल्यावर उमरावच्या म्हाताऱ्या आईनं गंगावरून भाकरतुकडा ओवाळला, पोरीला आत घेतलं. मनकर्णाबाईनं उमरावला सांगितलं की मंगरूच्या बैलाला वेगळं बांधा, भात झाकलेला आहे, हातपाय धुवून घ्या. सरळ त्यालाच सांगितलं. मग सवयीनं पेजेचं घमेलं घेऊन गोठ्यात गेली आणि बिजल्याच्या पुढ्यात टेकवलं.

बिजल्यानं तोंड घातलं नाही. कान टवकारून तिच्याकडे पाहत उभा राहिला. तीही उभी. दिवसभर इतकं बोलली होती की आता सांगायला काही उरलं नव्हतं. पेजेवरची वाफ हळूहळू कमी झाली.

पडवीतून उमराव म्हणाला, "बोल त्याच्यासंग काई. नाईतर खात नाई तो."